भंगारातला सात नंबर

नाशिक शहराच्या ऐन मध्यात एक विस्तीर्ण मैदान आहे. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि पुढच्या वर्षी एप्रिल महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला तो अठरा वर्षांचा तरुण शहर विसरलेले नाही. परंतु रिक्षावाल्याला हे नाव सांगितले तर तो क्षणभर घुटमळतो आणि मग स्वतःच विचारतो, "म्हणजे गोल्फ क्लब ना?" इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही गेला, मैदानाला चिकटलेले नाव तेवढे मागे राहिले. माझे बालपण या मैदानाच्या आसपास गेले. आम्ही तिथे टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळलो, रणजीचे सामने कुंपणाबाहेरून पाहिले, सायकल शिकताना गुडघे फोडून घेतले. पहाटे फिरायला येणारी माणसे पाहिली, सभा पाहिल्या. गोल्फ खेळणारा माणूस मात्र एकही पाहिला नाही. पन्नास वर्षे मी हा शब्द केवळ पत्ता म्हणून वापरला. तो एका खेळाचा शब्द आहे आणि त्या खेळाशी आपला कधी काही संबंध येऊ शकेल, हे माझ्या मनातही आले नाही.

तो संबंध आला भंगाराच्या दुकानात.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षे टर्नर म्हणून काम केले. २०१४ साली आमच्या विभागातील जुनी लेथ यंत्रे निघाली, त्यांच्या जागी सीएनसी आली आणि आम्हां चौदा जणांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. त्या शब्दातील 'स्वेच्छा' कोणाची, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. मिळालेली रक्कम हातात येण्यापूर्वीच वाटली गेली होती : घराच्या कर्जाची बाकी, मुलीच्या फार्मसीच्या पदवीची उरलेली तीन वर्षे, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. माझी पत्नी अंगणवाडी सेविका. तिचे मानधन आणि एका मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस मला मिळणारी मजुरी यांवर घर चालू लागले. उरलेले चार दिवस मला खायला उठत. ज्याने सत्तावीस वर्षे भोंग्यावर आयुष्य बेतले, त्याला मोकळी सकाळ म्हणजे काय शिक्षा असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार तेव्हा अजून उभा होता. मित्रासाठी एक जुना बोरिंग बार शोधायला मी तिथे गेलो होतो. गंजलेल्या सळया, पंख्यांची पाती आणि तुटक्या सायकलींच्या ढिगातून एक चकचकीत टोक डोकावत होते. ओढून काढले तर लांब दांड्याची, खाली तिरपे पाते असलेली काठी निघाली. पात्याच्या तळाशी '७' हा आकडा कोरलेला होता. ती कशाची काठी आहे हे मला कळले. पण माझे लक्ष आधी गेले ते कामाकडे. पाते आणि दांडा यांचा सांधा, पात्याच्या चेहऱ्यावरच्या समांतर खाचा, मागच्या बाजूला काढलेला पोकळ भाग. ज्याने हे घडवले होते त्याला वजन कुठे ठेवायचे आणि कुठून काढायचे हे नेमके ठाऊक होते. दुकानदाराने काठी तराजूत टाकली. साडेचारशे ग्रॅमही भरली नाही. "स्टीलचा भाव लागेल," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने तराजू बाजूला ठेवला आणि पन्नास रुपये सांगितले. चाळीसला सौदा झाला. बोरिंग बार विसरूनच मी घरी आलो.

त्या रात्री मी ती काठी बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजली. पात्याचा कल चौतीस अंशांच्या आसपास, लांबी सदतीस इंच. मुठीवरचे रबर उन्हाने कडक होऊन फुटले होते. ते कापून काढले आणि क्रिकेटच्या बॅटची तीस रुपयांची ग्रिप चढवली. ती फार जाड झाली. पुन्हा काढली, आतून थोडी पातळ केली, पुन्हा चढवली. खाचांतला गंज तारेच्या ब्रशने काढला. पत्नीने विचारले, "हे काय आणलंत?" मी म्हटले, "कुत्री हाकायला." आमच्या गल्लीत कुत्री पुष्कळ होती, त्यामुळे तिने विश्वास ठेवला असावा. खोट्याची सुरुवात तिथे झाली.

पुढच्या काही आठवड्यांत मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या इंग्रजी ज्ञानकोशातून या खेळाविषयी मिळेल ते वाचले. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाचे वर्गणीदार होऊन मला वीस वर्षे झाली होती. पण यंत्रांवरच्या पुस्तकांपलीकडे मी फारसा गेलो नव्हतो. वाचता वाचता मला चेंडूच्या इतिहासाने खिळवून ठेवले. पूर्वी स्कॉटलंडमध्ये हा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून बनवीत. टोपीभर पिसे त्या मुठीएवढ्या पिशवीत कोंबायची. कुशल कारागीर दिवसाकाठी तीन-चार चेंडू जेमतेम बनवी, आणि पावसात भिजून ते फुटत. साहजिकच चेंडू महाग, आणि खेळ पैसेवाल्यांचा. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडांचा गटापर्चा नावाचा चीक आला. तो गरम पाण्यात मऊ करावा, हाताने वळावा, झाला चेंडू. किंमत एकदम खाली आली आणि खेळ साध्या माणसांच्या हाती लागला. खरी गंमत मात्र पुढेच आहे. हे नवे गुळगुळीत चेंडू नीट उडेनात. वापरून वापरून ज्यांच्यावर ओरखडे आणि खड्डे पडले, ते जुने चेंडू मात्र लांब आणि सरळ जात. मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. आज गोल्फच्या चेंडूवर जे शेकडो खळगे दिसतात त्यांचा उगम हा असा आहे. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो आणि चेंडूमागची ओढ कमी होते, हे शास्त्र नंतर कळले. मी आयुष्यभर पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची मजुरी घेतली होती. खरखरीत राहिला म्हणून जॉब नापास झाल्याच्या चिठ्ठ्या मी सह्या करून घेतल्या होत्या. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले.

आणखी एक गोष्ट वाचनातून कळली आणि तिने माझे पुष्कळ पैसे वाचवले. नियमानुसार खेळाडू चौदा काठ्यांपर्यंत जवळ बाळगू शकतो. परंतु ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. शिवाय अठरा खळग्यांच्या मैदानासाठी साधारणपणे बहात्तर फटक्यांचे प्रमाण धरतात, आणि त्यांतले छत्तीस फटके, म्हणजे प्रत्येक खळग्यामागे दोन, हे शेवटच्या हिरवळीवर चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळत नेण्याचे असतात. या फटक्याला पटिंग म्हणतात. याचा अर्थ असा की या श्रीमंती खेळाचा निम्मा भाग दोन खोल्यांच्या घरातल्या फरशीवर शिकता येतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नवशिक्याला दुकानदार आधी चकचकीत संच दाखवतो. हे गणित दाखवत नाही.

पटिंगची काठी मी स्वतः बनवली. मित्राच्या वर्कशॉपमध्ये पितळेचा एक तुकडा पडून होता. तो लेथवर चढवला, चेहरा साफ केला, टाचेकडे भोक पाडून जुन्या स्टीलच्या नळीचा दांडा बसवला. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. त्या मापाची एक रिंग कातून घेतली. चेंडू बाजारात नवा घ्यायचा तर शंभर रुपयांच्या पुढे. एकाने सांगितले, गोल्फच्या मैदानाबाहेर पोरे सापडलेले चेंडू विकतात. वीस रुपयांना एक याप्रमाणे मी पाच घेतले आणि घरी येऊन व्हर्निअर लावला. ४२.७ मिलिमीटर. नियमाने ४२.६७ हून लहान चालत नाही. पाचही पास.

रात्री सगळी निजली की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देव्हाऱ्याच्या भिंतीपर्यंत चेंडू घरंगळत नेई. फरशी मोरीकडे उतरती आहे, हे त्या घरात सोळा वर्षे राहून मला प्रथमच कळले.

मोठे फटके मारायचे कुठे, हा प्रश्न मात्र फरशीने सुटणारा नव्हता. गोल्फ क्लब मैदानावर एका पहाटे मी चेंडू न घेता नुसती काठी फिरवून पाहिली. फिरायला आलेल्या दोन वृद्ध गृहस्थांनी लगेच वाट बदलली. त्यांचे चुकले नाही. हा चेंडू सेहेचाळीस ग्रॅमांचा आणि दगडासारखा टणक असतो, कोणाच्या कपाळावर बसला तर जीव घेईल. शेवटी सिन्नरजवळ मेहुण्याचे शेत आहे तिथे गेलो. कांदा निघून गेला होता, रान मोकळे होते. चेंडू ढेकळावर ठेवला, काठी उगारली, आणि सारा जोर लावून जी मारली ती चेंडूच्या चार बोटे अलीकडे जमिनीत घुसली. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. दुसऱ्यांदा चेंडूच्या डोक्यावर बसली. तो दहा हात घरंगळला. तिसऱ्यांदा काठी हवेतून गेली आणि चेंडू जागचा हलला नाही. बांधावर बसून मेहुणा शांतपणे पाहत होता. "दाजी," तो म्हणाला, "ढेकळं फोडायची असतील तर रोटाव्हेटर आहे की आपल्याकडं."

महिनाभर असेच गेले. मग एके दिवशी माझ्या लक्षात आले की मी ती काठी लेथच्या चकची चावी आवळावी तशी आवळतो आहे. मायक्रोमीटर वापरणाऱ्याला ठाऊक असते की त्याच्या टोकाला एक रॅचेट असतो. माप घेताना पुरेसा दाब झाला की तो टिक्‌टिक् वाजून सुटतो. त्यापुढे जोर लावला तर माप खोटे येते. नव्या पोरांना आम्ही हीच गोष्ट आधी शिकवीत असू. मी मुठीत रॅचेट आहे अशी कल्पना केली. टिक् झाले की पुरे. त्या दिवशी दहांतले दोन चेंडू हवेत उठले. उठले म्हणजे खरोखर उठले : बांध ओलांडून, बाभळीवरून, पलीकडच्या नाल्यापर्यंत. मेहुणा बांधावरून उतरला आणि चेंडू शोधायला स्वतः गेला. परत येऊन म्हणाला, "एकदा मला द्या."

शहरापासून जरा दूर असलेल्या एका गोल्फ कोर्सच्या फाटकाशी मी प्रथम गेलो तो इस्त्रीचा शर्ट घालून. काठी गोणपाटात गुंडाळून बगलेत धरली होती. पहारेकऱ्याने मला न्याहाळले आणि विचारले, "कुणाचे ड्रायव्हर?" या खेळात सर्वांत लांब काठीलाही ड्रायव्हरच म्हणतात, पण तो विनोद मला त्या वेळी सुचला नाही. मी "कुणाचा नाही" असे म्हणून परतलो. बसथांब्यावर उभा राहिलो तेव्हा कान तापले होते. त्याचा राग यावा असे काही नव्हते. त्याने माझ्या बोटांतले वंगण पाहिले, जे सत्तावीस वर्षांत निघाले नाही आणि आता निघणारही नाही. मी स्वतः फाटकावर असतो तर मीही तेच विचारले असते. मला बोचले ते हे, की मी इतक्या मुकाट्याने परत फिरलो.

दुसऱ्या खेपेला मी काठी उघडी धरून गेलो आणि सरावाच्या जागेविषयी विचारले. बाहेरच्या माणसालाही तिथे पैसे भरून सराव करता येत होता. पन्नास चेंडूंची बादली, शंभर रुपये. तिथेच मला मामा भेटले.

मामा तिथले सर्वांत जुने कॅडी. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची थैली वाहणारा, चेंडूवर नजर ठेवणारा आणि कोणत्या अंतराला कोणती काठी हे सांगणारा माणूस. साठी उलटलेली, अंगाने काटक, पायांत कॅनव्हासचे फाटके बूट. लहानथोर सारे त्यांना मामाच म्हणत. माझे आठ-दहा फटके पाहून ते जवळ आले. "साहेब, डावा खांदा आधी पळतोय," एवढेच म्हणाले. मी खांदा आवरला. चेंडू सरळ गेला. "मला साहेब म्हणू नका," मी म्हटले. "मग काय म्हणू? इथं येतो तो साहेबच." ते हसले नाहीत.

त्यानंतर महिन्यातून एकदा मी जाऊ लागलो. मामा रिकामे असले की येऊन उभे राहत. त्यांच्याकडूनच मी अली शेरविषयी ऐकले. दिल्लीच्या गोल्फ क्लबात थैल्या वाहत मोठा झालेला हा कॅडी १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. मामांनी हे सांगितले ते जवळच्या नातलगाची गोष्ट सांगावी तसे. मुंबईला चेंबूरच्या गोल्फ क्लबालगतच्या वस्त्यांतली पोरे वाकवलेल्या सळया आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन गल्लीबोळांत हाच खेळ खेळतात, हेही त्यांनीच सांगितले. मामा स्वतः कसे खेळतात, हे मी बरेच दिवस विचारले नाही. विचारायला हवे होते.

याच सुमारास घरी उलगडा झाला. आमच्या घरचा हिशेब पत्नी एका दोनशे पानी वहीत लिहिते. दूध, किराणा, गॅस, फी, औषधे असे रकाने, महिनाअखेरीस बेरीज. चार महिन्यांत मिळून अकराशे पन्नास रुपये कोणत्याच रकान्यात बसेनात. तिने माझ्यासमोर वही ठेवली. मी सगळे सांगितले : बादल्या, चेंडू, बसभाडे, बॅटची ग्रिपसुद्धा. मला वाटले होते ती रागावेल. ती बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. "पोरीच्या बसच्या पासाचे दोन महिने," ती म्हणाली, आणि मग, "अहो, दारू पिता की काय असं वाटत होतं मला. कुणाला विचारणार?" तेवढे बोलून ती उठून गेली. रात्री तिच्या उशीपाशी दिवा बराच वेळ चालू होता. मी काठी माळ्यावर टाकली.

सहा आठवडे ती तिथेच राहिली. तिने ती खाली काढली, मी नाही. मुलीच्या परीक्षेचे कागद शोधताना माळ्यावर चढली आणि उतरताना काठी घेऊन उतरली. "हिच्यावर धूळ बसते आहे," म्हणाली. "महिन्याला दीडशे. वहीत लिहून. आणि कुत्री हाकायची काठी म्हणायचं नाही."

त्या दीडशेंतून चार महिने काही न खर्चता, वर्कशॉपमधल्या दोन जादा दिवसांची मजुरी घालून मी नऊ खळग्यांच्या एका फेरीचे पैसे जमवले. आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहुण्याला नऊ खळग्यांचे चारशे रुपये पडत; कॅडीचे दीडशे वेगळे. माझ्याकडे काठ्या तीन : भंगारातला सात नंबर, पितळेचा पटर, आणि एका निवृत्त गृहस्थांनी पंचाहत्तर रुपयांना दिलेला एक आखूड वेज. तीन काठ्यांना थैली वाहायला माणूस कशाला? मी सरळ हिशेब केला आणि फाटकाशी भेटलेल्या मामांना सांगितले की आज मी स्वतःच उचलीन.

ते म्हणाले, "साहेब, थैली तुम्ही उचलली तर मी काय उचलू?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सकाळचे सात वाजले होते, आणखी तीन कॅडी कट्ट्यावर बसून होते, आणि त्या दिवशी खेळायला आलेला मी पहिलाच. काटकसर हा सद्‌गुण आहे असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या कारखान्यातही तो शब्द वापरला गेला होता. नोटिशीत तो पहिल्याच ओळीत होता. मी थैली खाली ठेवली. मामांनी ती खांद्याला लावली. दीडशे रुपयांसाठी पुढच्या महिन्याची बादली गेली, हे खरे.

फेरीचे वर्णन करण्यासारखे फार नाही. पहिल्या खळग्यावर मी आठ फटके घेतले, दुसऱ्यावर नऊ. तिसरा खळगा एकशे तीस यार्डांवर होता. मध्ये कोरडा ओढा, पलीकडे उंचवट्यावर हिरवळ. मामांनी न विचारता सात नंबर पुढे केला. मुठीत टिक् झाले, काठी खाली आली, आणि हाताला काहीच लागले नाही. ज्यांनी धारदार टूलने ब्रासवर शेवटचा बारीक काप घेतला आहे, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल : यंत्राला जोर पडत नाही, आवाज बदलतो, आणि केसासारखी झिलई मागे उमटत जाते. चेंडू वर गेला, वर थांबल्यासारखा वाटला, आणि हिरवळीच्या कडेला पडला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पटर काढून माझ्या हातात दिला, म्हणजे सात नंबर परत घेतला.

सहाव्या खळग्यावर चेंडू घाणेरीच्या झुडपात गेला. मामा पुढे होते. मी पोचेपर्यंत चेंडू झुडपाच्या बाहेर, मोकळ्या गवतावर होता. मामांचा बूट त्याच्या शेजारी होता. त्यांनी ढकलताना मी पाहिले होते, आणि मी पाहिले हे त्यांनीही पाहिले.

या खेळात पंच नसतो. सामान्य खेळाडू आपले फटके आपणच मोजतो आणि आपणच कागदावर लिहितो. कारखान्यात माझ्या प्रत्येक जॉबवर तपासनिसाचा शिक्का लागे. इथे तपासनीस मीच. मी म्हटले, "मामा, तो आत होता तिथं ठेवा." ते क्षणभर थांबले. चेहरा बदलला. "साहेबांना आवडतं असं," ते म्हणाले. "न केलं तर रागावतात." मी म्हटले, "मला माहीत आहे तुम्ही का केलं." ते खरे होते, तरी बोलायला नको होते असे मला लगेच वाटले. चाळीस वर्षे ज्या कौशल्यावर त्यांची बक्षिशी ठरली, त्याला मी चोरी म्हटले होते. आणि तेही अशा तोऱ्यात, जो खिशात पैसे असलेल्या माणसालाच परवडतो. त्यांनी चेंडू उचलून झुडपात ठेवला, अगदी आत, होता त्याहूनही आत. बाहेर काढायला मला तीन फटके लागले. उरलेले तीन खळगे आम्ही फारसे बोललो नाही.

नऊ खळग्यांचे माझे अडुसष्ट फटके झाले. प्रमाण छत्तीसचे. मी आकडा कागदावर लिहिला आणि सही केली. पैसे देताना दीडशेंवर वीस रुपये ठेवले. मामांनी वीसची नोट परत केली. मी थैली घेऊन निघालो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "सोमवारी काय करता?"

सोमवारी कोर्स देखभालीसाठी बंद असतो. त्या दिवशी कॅडी मंडळी मागच्या पडीक माळावर स्वतःचा खेळ मांडतात. चार खळगे, तेही जमिनीत पुरलेले तुपाचे जुने डबे. प्रत्येकाकडे एकच काठी; कोणाकडे दांडा वेल्डिंग केलेली, कोणाकडे अर्धी कापून आखूड केलेली. पाच-सहा जण, त्यांत दोन विशीतली पोरे. माझा सात नंबर हातोहात फिरला. एका पोराने बॅटची ग्रिप पाहून शिट्टी मारली आणि आपल्या काठीलाही तशीच बसवून देता का, विचारले. मी एका डब्याचे तोंड व्हर्निअरने मोजले. १०४ मिलिमीटर. "मामा, हा चार मिलिमीटर लहान आहे." मामा म्हणाले, "मग नीट मारा." आणि त्या दिवशी मी त्यांना प्रथमच खेळताना पाहिले. दांडा वाकलेला, पाते झिजलेले, खाचा कधीच्या बुजलेल्या. पण काठी मागे गेली कधी आणि खाली आली कधी, हे कळलेच नाही. त्या काठीचा कल बहुधा कोणत्याच आकड्यात बसत नसावा. मी तो मोजायला मागितला नाही. तिथे मला कोणी साहेब म्हणत नाही. पोरे काका म्हणतात; मामा काहीच म्हणत नाहीत, नुसते "हां, मारा" म्हणतात. झुडपात गेलेला चेंडू झुडपातूनच मारायचा, असा त्या माळावरचा नियम आहे. तो आधीपासून आहे की मी यायला लागल्यापासून, हे मी अजून विचारलेले नाही.

पत्नीच्या वहीत आता 'काठी' असा एक रकाना आहे. या महिन्यात त्यात चाळीस रुपये आहेत, चार चहांचे. सोमवारी जो हरेल त्याने चहा पाजायचा असतो.